दोनशे बारा पायऱ्या आणि एक स्टूल

आमच्या बुलढाण्याच्या कडेला, जिथे पठार संपतं आणि घाट सुरू होतो, तिथल्या टेकडीवर गेल्या वर्षी बाग झाली. बागेला दोनशे बारा पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या नव्हत्या, मला त्या सांगण्यात आल्या. ज्याच्या छातीत दोन स्प्रिंगा टाकल्या आहेत, त्याला गाव कुठलीही बातमी पायऱ्यांसकटच सांगतं. "बँक वरच्या मजल्यावर गेली सर, अठरा हायेत." "लग्नाले या सर, हॉल मस्त हाये, पन बावीस."

मी प्रेमानंद इंगळे. एकतीस वर्षं शाळेत पीटीचा तास घेतला. गळ्यात शिट्टी अडकवून अर्ध्या गावाला मैदानाभोवती पळवलं. उरलेलं अर्धं गाव मुलींच्या शाळेत होतं म्हणून वाचलं. त्यामुळे मागच्या जुलैत माझ्या छातीत कळ आली, तेव्हा गावाला काळजी वाटली हे खरं, पण थोडा दिलासाही मिळाला. जन्मभर पळा पळा म्हणणाऱ्यालाच झालं, म्हणजे न पळणारे सुखरूप! माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली होती, असं म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, पण सपाटीवर. दम लागला की थांबा." दम मला चाळीस पावलांवर लागतो. आता बाजारात भर रस्त्यात नुसतं थांबलेला पीटी मास्तर बरा दिसत नाही. म्हणून मी थांबण्यासाठी कारणं हाताशी ठेवायला शिकलो. दुकानाची पाटी वाचायची. म्हशीकडे निरखून बघायचं. चप्पल झटकायची. एकदा चाळीसावं पाऊल नेमकं एका वधूवर सूचक मंडळाच्या पाटीसमोर पडलं आणि ती पाटी मी दोनदा वाचली. संध्याकाळी ते घरी पोचलं होतं. सिंधूने चहा देताना फक्त एवढंच विचारलं, "जमलं का काही?"

सिंधू म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं तिने अंगणवाडी सांभाळली आणि मग मला. दोन्हीकडे पद्धत एकच.

तर जानेवारीतल्या एका रविवारी विहारातल्या सगळ्या बायका टेकडीवरची बाग बघून आल्या आणि फोनवर फोटोंचा पाऊस पडला. सिंधू कुठल्याच फोटोत नव्हती. मी विचारलं, "तू काऊन नाही गेली?"

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्याशिवाय कायले जाऊ? पाहीन तं तुमच्यासंगंच पाहीन."

लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर असं वाक्य तांदळाच्या ताटावरून अचानक येतं, तेव्हा माणसाचा तोल जातो. माझा गेला. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी जाऊ."

म्हटलं, आणि मग आठवलं की मध्ये दोनशे बारा पायऱ्या आहेत.

आमच्या उजवीकडे सईदभाई राहतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी घाटातून गाडी चढवली आणि उतरवली, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न त्यांच्या मते मुळात गिअरचा असतो. मी कुंपणावरून त्यांना हळूच बेत सांगितला. ते खूश झाले.

"सर, तुमची चूक माहीत हाये का? तुमी टॉपवर चालता. घाट असा नसतो चढत. पयला गिअर. इंजन गरम झालं का साइडले घ्यायचं, पानी पाजायचं, मंग पुढं. अन् एक सांगतो, माह्या घरच्या जिन्यावर ट्रायल घ्या. सतरा पायऱ्या हायेत. वहिनीले सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी ट्रायल घेतली. आठव्या पायरीवर इंजिन गरम झालं. सईदभाई खालून बघत होते. दम लागला असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी भिंतीला हात लावून म्हणालो, "सईदभाई, हे प्लास्टर ओलं वाटून राह्यलं."

नुसतं कारण होतं ते. पण त्या भल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. दुपारी गवंडी आला. त्याने टकटक केली, चार इंच प्लास्टर पाडलं, आत खरंच ओल निघाली, ओल नळाच्या पाइपापर्यंत गेली, पाइप बाथरूमपर्यंत गेला, आणि तीन दिवस त्यांची अमीनाभाभी आमच्याकडून पाणी भरत होती. सईदभाई भेटेल त्याला सांगत होते, "सरची नजर पहा! हात लावला अन् वळखलं." मी मान खाली घालून ऐकत होतो. ट्रायल मात्र आठ पायऱ्यांवर राहिली ती राहिलीच.

डावीकडे मोतीराम तायडे. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. सईदभाईंना गिअर, तसा यांना अर्ज. प्लास्टर फुटल्याचा आवाज ऐकून ते चौकशीला आले, तेव्हा बेत त्यांनाही कळलाच. ते चष्मा पुसत म्हणाले, "चढता कायले? बागेच्या मागून पान्याच्या टँकरचा रस्ता हाये. थेट वरपर्यंत. वाहन नेन्याची परवानगी मागा. मी अर्ज करून देतो."

आणि त्यांनी तो केला. दोन पानी. "अर्जदार हा हृदयविकाराने ग्रस्त असून त्यास सपत्नीक उद्यानदर्शनाची नितांत आवश्यकता आहे. सदर पत्नीची कोणतीही तक्रार नाही." हे शेवटचं वाक्य कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, असू द्यावं, केस मजबूत होते.

ज्या कार्यालयाकडे ही बाग आहे, त्याचं नाव मी इथे घेत नाही. मला तिथे पुन्हा जायचं आहे. टेबलावर अनुपमा मॅडम म्हणून होत्या. बाई स्वभावाने फार चांगल्या. अर्ज त्यांनी दोनदा वाचला आणि मायेने विचारलं, "सर, टक्के किती?"

मला वाटलं, शिक्षणाचं विचारतायत. म्हणालो, "दहावीले अठ्ठेचाळीस."

"चाळीसच्या वर हाये, म्हणजे बसतं," म्हणत त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिलंसुद्धा. "सर्टिफिकेट जोडा."

"मार्कशीट घरी हाये."

मग दोघांचाही गोंधळ एकदमच उलगडला. त्या दिव्यांगाचे टक्के विचारत होत्या. अठ्ठेचाळीस खोडले गेले. प्रमाणपत्रासाठी मी सरकारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. खोली बारा पावलांची.

"चालता तर चांगले."

"बारा पावलं चालतो साहेब. चाळीसनंतर थांबावं लागतं."

"मग थांबायचं."

"थांबतोच. पण थांबतो असं लिहून द्या."

डॉक्टर हसले. "काका, थांबायचं सर्टिफिकेट नसतं."

मी परत अनुपमा मॅडमपुढे उभा राहिलो. त्यांनाच वाईट वाटलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सर, खरं सांगू का? ज्येष्ठांसाठी बॅटरीची गाडी आलेली हाये बागेत. गेटवरच उभी असते."

"मग अर्ज कशाला?"

"ती चढत नाही."

"म्हणजे?"

"सपाटीवर चांगली चालते. चढ आला की थांबते."

मला त्या गाडीबद्दल एकदम जिव्हाळा वाटला.

रविवार उजाडला. बाग सकाळी सात ते दहा उघडी असते. आम्ही दोघांनीच गुपचूप निघायचं ठरवलं होतं. सिंधूने मोरपंखी साडी नेसली होती, ती फक्त लग्नकार्यात निघते. मी बऱ्याच दिवसांनी पांढरे बूट घातले. दार उघडलं, तर फाटकात सईदभाई उभे. हातात लाल प्लास्टिकचं स्टूल. त्यांच्यामागे मोतीराम, काखेत अर्जाची फाइल.

"फाइल कायले?" मी विचारलं.

"वर कोनी अडवलं तं?"

"अन् स्टूल?"

"पार्किंग," सईदभाई म्हणाले.

बागेच्या फाटकावर खाकीतला रखवालदार होता. चाळिशीचा, भरघोस मिशीचा. मला बघताच त्याने टाच आपटून सलाम ठोकला. "जय भीम सर! वळखलं का? धम्मरत्न. नव्व्यान्नवची बॅच. उशिरा आलो की दहा राउंड!"

सुटाबुटातल्या कलेक्टरने ओळख दिली असती, तर मला इतकी धास्ती वाटली नसती. दहा राउंड मारायला लावलेल्या मुलाच्या ताब्यात आता दोनशे बारा पायऱ्या होत्या. पण त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. उलट आमचे सर चालत जाणार, हे त्याला बघवेना. बॅटरीची गाडी काढून त्याने आम्हाला बसवलं. "पायऱ्याच्या बाजूनं उतार हाये सर. चढते कधी कधी. मूड असला तं."

त्या दिवशी तिचा मूड होता. पण तीस फुटांपुरता. मग ती थांबली, विचारात पडल्यासारखी किंचित हलली आणि मागे येऊ लागली. धम्मरत्न ब्रेकवर उभा राहिला. सिंधूने माझं मनगट धरलं. मोतीराम फाइलसकट बाहेर उडी मारून फुलांच्या ताटव्यात पडले. आणि मागून चालत येणाऱ्या सईदभाईंचं अठ्ठावीस वर्षांचं ड्रायव्हरपण जागं झालं. "उटी लावा, उटी!" असं ओरडत त्यांनी ताटव्याच्या कडेचा रंगवलेला दगड उपसला आणि चाकामागे सारला. गाडी थांबली. भोवती जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तं पीटीचे सर!"

एकूण काय, चढायचं ते पायांनीच.

सईदभाई दोन पायऱ्या पुढे, स्टूल घेऊन. मी आणि सिंधू मध्ये. अंगावरची माती झटकत मोतीराम मागे. वीस पायऱ्या झाल्या की सिंधू म्हणे, "बसा थोडं," आणि सईदभाई स्टूल टेकवत म्हणत, "साइडले घ्या." मी बसे. भर पायऱ्यांवर लाल स्टुलावर, पांढरे बूट घालून, मोरपंखी साडीतली बायको शेजारी उभी. फोटो स्टुडिओतल्यासारखं. येणारे जाणारे बाजूने वाट काढत. त्यांतला दर तिसरा माझा विद्यार्थी. "सर, नमस्ते. काय झालं सर?" "काही नाही, नजारा पाहून राह्यलो." "इथून काय दिसते सर? भिंत हाये." एक फ्रॉकवाली चिमुरडी तर मला तीनदा ओलांडून गेली. ती वर जाऊन खाली येई आणि पुन्हा वर जाई. तिसऱ्या खेपेला ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही अजून इथंच?"

मी एकतीस वर्षं हेच वाक्य मुलांना म्हणत आलो होतो. आज पहिल्यांदा ते कानावर पडलं, आणि ते मुलं कशी ऐकत असतील हेही पहिल्यांदाच कळलं.

एकशे चाळीसाव्या पायरीवर माझ्यातला मास्तर उसळला. सिंधू म्हणाली, "बसा थोडं." मी म्हणालो, "नाही बसत." सईदभाई म्हणाले, "सर, गरम झालं हाये." मी म्हणालो, "होऊ दे." आणि स्टूल तसंच सोडून ताठ मानेने एकटाच चढू लागलो. एक, दोन, तीन... बारा. बाराव्या पायरीवर दम संपला. मागून कौतुकाचा एक शब्द तरी येईल, या आशेने मी वळून बघितलं.

सिंधू स्टुलावर बसली होती. डोळे मिटून, दोन्ही हातांनी उजवा गुडघा घट्ट धरून. ओठ पांढरे. मी बघतोय, हे तिला माहीत नव्हतं. वळून भिंतीकडे बघत उभ्या असलेल्या सईदभाईंना मात्र तिचं दुखणं माहीत असावं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मी बारा पायऱ्या उतरून आलो.

"किती दिवसांपासून?"

तिने डोळे उघडले. पदर सारखा केला. "कायचं?"

"सिंधू."

तिने गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "तुमी दवाखान्यात होते तवापासून. तिसरा मजला होता ना. अन् लिफ्ट बंद. डबा घेऊन अकरा दिवस चढले उतरले. सहाव्या दिवशी गुडघ्यात काहीतरी कट्‌कन झालं."

मी त्या अकरा दिवसांत काय केलं होतं, ते मला आठवलं. भाजीत मीठ नाही म्हणालो होतो. दोनदा.

"सहा महिने! अन् बोलली नाही?"

"घरात एक पेशंट बस झाला. दोघं झोपलो तं चहा कोन करीन?"

"मंग इथं कायले आली? बायांसंगं गेली नाही, ते..."

बोलता बोलताच मला समजत गेलं. ती साडीच्या काठाशी खेळत होती.

"त्या बाया कश्या भराभर चढतात, तुमाले माहीत नाही," ती म्हणाली. "मी मागं राह्यली असती. सगळ्या थांबल्या असत्या माह्यासाठी. लाज वाटली. म्हटलं, तुमच्यासंगं गेलो तं तुमी थांबता थांबता चढसान. मले वेगळं थांबावं लागनार नाही. कोनाले कळनार नाही."

वीस वीस पायऱ्यांवर "बसा थोडं" कोण कोणासाठी म्हणत होतं, तेही आता कळलं. आणि बसायला स्टूल मात्र मी घेत होतो. ती शेजारी उभी राहत होती, साडी सावरून, हसून.

तरीही, माणूस किती क्षुद्र असतो पाहा. त्या क्षणी मला टोचलं ते भलतंच. मी म्हणालो, "म्हंजे तुमच्याशिवाय पाहनार नाही, हे जे तू बोलली... ते गुडघ्याचं होतं? मी आठ दिवस प्रेम समजून राह्यलो होतो."

सिंधू माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "अन् मंग हे काय हाये?" ती म्हणाली.

पायरीवर, तिच्या पायाशी मी बसलो. पांढऱ्या पँटीचं काय व्हायचं ते झालं.

मोतीराम खाकरले. फाइल उघडत हलक्या आवाजात म्हणाले, "ते वाक्य खोडावं लागते आता. पत्नीची तक्रार नाही, ते."

परत फिरू, असं मी म्हणालो. सिंधू म्हणाली, एवढं आलो, आता वर जाऊनच. सईदभाईंनी खाली हाक मारली, तसा धम्मरत्न स्वतःच्या चौकीतली खुर्ची डोक्यावर घेऊन वर आला. आता एक खुर्ची आणि एक स्टूल. दहा दहा पायऱ्या. ती खुर्चीवर, मी स्टुलावर, दोघंही समोर बघत, बसस्टँडवर गाडीची वाट बघितल्यासारखं. कुणी विचारलं, तर मी सरळ सांगत होतो, "हिचा गुडघा अन् माही छाती." इतक्या महिन्यांत कारण न शोधता मी पहिल्यांदाच थांबत होतो. पाटी वाचावी लागली नाही, की म्हैस.

साडेनऊला आम्ही वर पोचलो. वर एक गोल कट्टा, सिमेंटची दोन हरणं, एक नळ, आणि पलीकडे सगळं घाटाखालचं मोकळं रान, पार धुक्यात विरत गेलेलं. सिंधूने कठड्याला धरून विचारलं, "इथून नांदुरा कोनीकडं?"

नांदुरा तिचं माहेर. आता तिथे कुणी उरलेलं नाही. घर दुसऱ्याचं झालं. तरी विचारलं.

सईदभाईंनी हात केला, "ते पहा, मोताळ्याच्या पल्याड, त्या दोन झाडांच्या मधून." मोतीरामनी तितक्याच खात्रीने भलतीकडे बोट दाखवलं, "छे छे, इकडं." दोघांची जुंपली. एकाने रस्ते सांगितले, दुसऱ्याने नकाशे. सिंधूने आधी इकडे डोळे भरून बघितलं, मग तिकडेही तितकंच बघितलं, आणि म्हणाली, "दिसलं." कोणीकडे, ते तिने सांगितलं नाही.

दहाला पाच कमी असताना धम्मरत्न येऊन आमच्याजवळ घुटमळू लागला. बाग बंद करायची वेळ. बाकी माणसं उतरली होती. तो म्हणाला, "सर, नियम हाये. पन घड्याळ माह्यापाशीच हाये. तुमी उतरा सावकाश."

उतरायचं! चढणं माझ्या छातीचं होतं, उतरणं तिच्या गुडघ्याचं. पहिल्याच पायरीवर ती कळवळली आणि कठड्याला बिलगली. सईदभाईंकडे यासाठी गिअर नव्हता, मोतीरामच्या फाइलमध्ये यावर काही नव्हतं.

आणि तिथे माझी एकतीस वर्षं कामाला आली. गुडघा दुखावलेल्या पोरांना मी जिन्यावरून कसं आणत असे, ते माझ्या हातांना आपोआप आठवलं. "सिंधू, वळ. तोंड माह्याकडं कर. उलटी उतर. गुडघ्यावर भार येत नाही."

"उलटी? लोक काय म्हनतीन?"

"लोक गेले घरी. हात दे."

तिने वळून माझे दोन्ही हात धरले. ती खालच्या पायरीवर, पाठ उताराकडे. मी वरच्या पायरीवर, तोंड तिच्याकडे. तिने पाय मागे टाकला, टेकवला. कळ आली नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग लहान मुलीसारखी खोडकर खुशी. सईदभाई धावत खाली गेले आणि बस रिव्हर्स घेताना उभं राहतात तसे उभे राहून हात हलवू लागले, "येऊ द्या, येऊ द्या... थोडं उजवीकडं... बस, येऊ द्या!" मोतीराम आमच्या पायांतल्या चपला-बुटांकडे लक्ष ठेवून. धम्मरत्न खुर्ची आणि स्टूल घेऊन सर्वांत मागे.

रिकाम्या बागेत आम्ही एकेक पायरी उतरत होतो. वारा घाटाखालून वर येत होता. तिच्या कपाळावरची पांढरी बट उडत होती आणि ती मागे सारायला दोघांपैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.

मध्येच ती लाजली. अडतीस वर्षांनी. "अहो," ती म्हणाली, "माह्याकडं काय पाहता एवढं? समोर पहा ना, पडसान."

"पाहूनच तं राह्यलो," मी म्हणालो. "समोर तूच हायेस."